हाकेची नावं, कागदाची नावं

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना आपलं खरं नाव शाळेत गेल्यावर कळलं. तोवर आम्ही बंडू, बाळ्या, छकुली, बेबी. मास्तरांनी हजेरीत ‘पुरुषोत्तम’ पुकारलं, तरी शेजारच्याने ढोसल्याशिवाय तोंडून ‘हजर’ निघायचं नाही.

याला कारण होतं. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, आणि सासऱ्यांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, हीही रीत. मग त्या नावाने कार्ट्याला रागवायचं कसं? टोपणनावाने तिची सुटका व्हायची. टिळकांचंही पाळण्यातलं नाव केशव. पण घरातलं ‘बाळ’ टिकलं आणि इतिहासात तेच गेलं.

मोठ्यांची नावं दुसऱ्यांच्या तोंडून आमच्याकडे यायची. धाकटे काका आईला वहिनी म्हणत, म्हणून आम्हीही सख्ख्या आईला वहिनीच म्हणायचो. वडील सगळ्यांचे दादा. अण्णा, तात्या, नाना, आप्पा या जागा तर प्रत्येक घरात भरलेल्याच असत. त्यांची कागदावरची नावं रेशनकार्डावर नाहीतर लग्नपत्रिकेतच दिसायची.

गल्लीत एखादा धोंडू, एखादा दगडू असे. आम्ही त्या नावांना हसायचो, तर आजी दटावायची. आधीची मुलं दगावलेल्या घरात दृष्ट लागू नये, मूल जगावं, म्हणून ठेवलेली ती नावं. ‘नकुशा’मागे मात्र अशी माया नव्हती, आणखी मुलगी नको, एवढंच त्यात होतं. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली.

आडनावाचा विषय दिवाळीच्या फराळानंतर निघायचा. ‘आपण मूळचे कोण?’ देशमुख, कुलकर्णी, पोतदार यांना वतन किंवा काम दाखवता येई. ‘कर’वाल्यांकडे गाव असे, पण त्या गावात पाऊल ठेवलेला माणूस घरात सापडेलच असं नाही. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथ मंगेशकर झाले, हा दाखला कुणीतरी हमखास द्यायचं आणि वाद पुढच्या दिवाळीवर जायचा.

बायकांची नावं मात्र वाद न होताच बदलत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की झालं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. आमच्या घरातल्या माई, काकू, मामी यांचीही अशीच दोन-दोन नावं. माहेरचं नाव मामा, मावशी आले तरच ऐकू यायचं. सासरचं नाव माळ्यावरच्या पितळी डब्यांवर आणि पातेल्यांवर ‘सौ.’ लावून कोरलेलं असायचं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. आमच्या वेळी हा नियम असता, तर आईचं कोणतं नाव लिहायचं यावरून घरोघरी जुंपली असती. माझं मत माहेरच्या नावाला. वडील तिला ‘अगं’ म्हणायचे, आम्ही ‘वहिनी’, शेजारीपाजारी ‘काकू’. सासरच्या त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारलीच नाही.