आमच्या मोटारींतील गाणें

मनुष्यास जीं साधनें आयतीं मिळतात त्यांविषयीं तो सहसा विचार करीत नाहीं. दुकानांतून आणलेली वस्तु जशी आली तशी वापरावी, बिघडली तर कारागिराकडे द्यावी आणि जुनी झाली तर नवी घ्यावी, एवढाच आपला तिच्याशीं संबंध. मोटारीविषयीं तर ही उदासीनता फारच दिसते. तिच्या पत्र्याआड काय आहे हें पाहण्याचें आपणांस कारणच नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हां दोघां भावांची ही समजूत गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत दूर झाली. ती कशी झाली व तिजपासून आम्हांस काय लाभ झाला, तें शाळासोबत्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमचें सिंदी मेघे हें गांव वर्धा शहरास लागूनच आहे. आमची आत्या नागपुरास असते, आणि महिन्यांतून एकदां तरी आजीस घेऊन तिच्याकडे जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ आहे. हा प्रवास सुमारें पाऊणशें किलोमीटरांचा. आमची गाडी लहान व साध्यांतली. कारखान्यांतून बसवून आलेला एक रेडिओ आणि पुढच्या दोन दारांत गुडघ्याच्या उंचीवर एकेक स्पीकर, एवढीच तींत गाण्याची सोय होती. आजी मागच्या आसनावर बसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचीं खंजिरीभजनें तिला फार प्रिय, म्हणून वडील तीं आवर्जून लावीत, आणि मागें नीट ऐकूं जावें म्हणून आवाज वाढवीत. त्यामुळें पुढें बसणारांचे कान किटून जात. थोड्या वेळानें आजीच म्हणे, "बंद कर बाबू. आवाज त मोठा येते, पन बोल नाई समजत."

या एका वाक्यांत आजीची सारी अडचण आली होती. घरींही तसेंच होई. 'ताप आहे का?' असें विचारलें असतां 'ताक संपलं' असें उत्तर मिळे. लहान मुलें हंसत. त्या हंसण्यामुळें तिनें हळूहळू बोलणेंच कमी केलें होतें. सर्व मंडळी जेवणास बसली असतां ती खालीं पाहून मुकाट्यानें जेवीत असे. गाणें न कळण्यापेक्षां ही गोष्ट आम्हांस अधिक लागे.

कानाच्या डॉक्टरांकडे तिची तपासणी झाली तेव्हां उलगडा झाला. वय वाढूं लागलें म्हणजे बहुधा उंच पट्टीचे नाद ऐकण्याची शक्ति प्रथम क्षीण होते. आपल्या बोलण्यांतील अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टींत असतात व त्यांत जोर असतो. स, श, च, ट, त अशा व्यंजनांची ओळख मात्र सेकंदास सुमारें २,००० ते ८,००० कंपनें होणाऱ्या सूक्ष्म नादांवरून पटते. शब्दास बळ स्वरांचें, परंतु अर्थ व्यंजनांचा. ताट, ताक, ताप आणि तास या चार शब्दांतील शेवटचें अक्षर ऐकूं आलें नाहीं तर चारही सारखेच. अशा मनुष्याशीं ओरडून बोललें तर स्वर मोठे होतात, व्यंजनें मात्र मागेंच राहतात. डॉक्टरांनीं श्रवणयंत्राची गोष्ट काढली; तीस आजी अजून पुरती राजी नाहीं.

हें समजल्यावर गाडीकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली. उंच नाद बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. गुडघ्याजवळच्या स्पीकरांतून ते निघाले कीं समोरच्या आसनाच्या गादींत व कपड्यांत विरून जातात. खालचे नाद अडथळ्यास वळसा घालून मागें पोहोंचतात. त्यांत चाकांचा घरघराट मिसळतो. म्हणजे आजीच्या कानांस जें कमी पडत होतें तेंच गाडीही वाटेंत गाळून टाकीत होती.

बाजारांत चौकशी केली तेव्हां मोठा व अधिक वॅटांचा संच घेण्याचा सल्ला मिळाला. रेडिओच्या पेट्यांवर '५० वॅट × ४' असें ठळक छापलेलें असतें. भौतिकशास्त्राच्या तासास शिकलेलें गणित आम्हीं येथें लावून पाहिलें. इंजिन चालू असतां गाडींतील विजेचा दाब सुमारें १४ व्होल्ट असतो. त्या कमाल दाबाची परिणामी किंमत सुमारें १० व्होल्ट. दहाचा वर्ग शंभर, त्यास स्पीकरच्या ४ ओहमनीं भागिलें कीं २५ वॅट. आंत दाब वाढविणारी निराळी योजना नसेल तर यापेक्षां अधिक शुद्ध आवाज त्या पेटींतून निघणें शक्य नाहीं. आणि कानास तेवढ्याची गरजही नसते. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलांनींच वाढतो. तेव्हां आम्हांस अधिक मोठा आवाज नको होता. तो योग्य ठिकाणीं पोहोंचवावयाचा होता.

रेडिओच्या मागें चार स्पीकरांच्या जोडण्या होत्या व दोन रिकाम्या होत्या. मागच्या दारांपर्यंत वायरीही आलेल्या होत्या. म्हणून प्रत्येक मागच्या दारांत खालीं एक मध्यम स्पीकर आणि वर, कांचेच्या कोपऱ्याशीं, आजीच्या कानाच्या उंचीवर एक लहान ट्वीटर बसविण्याचें ठरलें. ट्वीटर केवळ उंच नादांसाठीं असतो. खालचे नाद त्यांत शिरूं नयेत म्हणून त्याच्या वाटेवर कपॅसिटर लागतो. चार ओहमच्या ट्वीटरास दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला म्हणजे सुमारें ४,००० कंपनांच्या खालचे नाद उत्तरोत्तर अडविले जातात.

काम हातीं घेण्यापूर्वीं गाडीचें पुस्तक वाचून, कोठें हात लावावयाचा नाहीं हें आम्हीं आधीं ठरविलें. अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या एअरबॅगांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांस घरच्या घरीं स्पर्शही करूं नये. मग बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडली आणि दाराचें आंतलें अस्तर प्लॅस्टिकच्या पट्टीनें हळूहळू उचललें. निघालेले स्क्रू त्याच क्रमानें बशींत मांडून ठेवले. मूळच्या वायरी कापण्याऐवजीं त्यांस जुळणारे तयार जोड आणले.

दाराच्या आंतल्या पत्र्यास कित्येक भोकें असतात. स्पीकरचा पडदा पुढें सरकतो तेव्हां पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. या दोन उलट लाटा भोकांवाटें एकत्र आल्या कीं खालचे नाद एकमेकांस मारतात. म्हणून पत्र्यावर डांबरासारख्या रबराची जाड चिकटपट्टी लावून तीं भोकें बंद केलीं. पत्र्याची थरथरही त्यानें थांबते. दाराच्या तळाचीं भोकें मात्र मोकळीं ठेवलीं, कारण पावसाचें पाणी त्यांतूनच वाहून जातें. दीड व्होल्टाचा सेल क्षणभर लावून दोन्ही मोठ्या स्पीकरांचे पडदे एकाच दिशेस सरकतात याची खात्री केली. कांच पुरती खालीं येऊन मागें कशास अडत नाहीं हेंही पाहिलें, आणि मगच अस्तर परत बसविलें. दोन दारांस दोन दिवस लागले. स्पीकरांपेक्षां त्या चिकटपट्टीचें व धीराचें महत्त्व अधिक, असें आम्हांस दिसून आलें.

या दोन दिवसांत विजेचें जेवढें ज्ञान आमच्या अंगीं मुरलें तेवढें एका वर्षाच्या घोकंपट्टीनेंही मुरलें नसतें. ऑक्टोबर १९३७ मध्यें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें हा विचार तींत मांडला गेला. पुढें तीच योजना नई तालीम म्हणून प्रसिद्ध झाली. त्या योजनेंत सूत व माती होती, आमच्या हातीं पेचकस व वायर होती. परंतु हातानें केलेलें काम बुद्धीस शिकवितें हें तत्त्व एकच. तें आमच्याच गांवाच्या शेजारीं मांडलें गेलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुढच्या खेपेस नागपूरच्या वाटेवर वडिलांनीं भजन लावलें. आवाज पूर्वीपेक्षां कमी ठेवला व त्याचा भार मागच्या बाजूस वळविला. खंजिरीच्या चामड्याची थाप तर पूर्वींही येत असे. आतां तिच्या चकत्यांची किणकिणही येऊं लागली. सेलूच्या पुढें आजी ओठांनीं पुटपुटूं लागली. गाणाराच्या पुढें एक पद आधींच तिच्या मुखांतून येत होतें. एका ठिकाणीं गाणारानें शब्द बदलला तो तिनें पकडला, आणि मूळ शब्द काय होता तें आम्हांस सांगितलें. तिचे कान बरे झाले असें कोणीं समजूं नये. काहीं शब्द अजूनही निसटतात, आणि श्रवणयंत्राचा आग्रह आम्हीं सोडलेला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, गाडींत ध्वनियंत्रें बसविणारे कांहीं तरुण सारा रस्ता दणाणून सोडण्यांत भूषण मानतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कानांतील सूक्ष्म तंतु एकदां नष्ट झाले कीं पुन्हां उगवत नाहींत. मुलांनीं आठवड्यास ४० तास ऐकावयाचें तर ७५ डेसिबलच्या वर जाऊं नये, आणि प्रौढांनीं ८० च्या, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. शाळा व रुग्णालयें यांच्या भोंवतीं जें शांतता क्षेत्र घोषित होतें तेथें दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातलेली आहे. आपलें गाणें आपल्या गाडींत राहावें हेंच उचित.

आमच्या घरांत या खटाटोपानें आणखी एक पालट झाला. आतां आजीशीं कोणी ओरडून बोलत नाहीं. तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे पाहून, प्रत्येक अक्षर सावकाश उच्चारावें असा नियम आम्हीं केला आहे, व धाकटीं भावंडेंही तो पाळतात. जेवतांना ती पुन्हां बोलूं लागली आहे. ज्या वाचकांच्या घरीं असें वडीलधारें माणूस असेल त्यांनीं गाडीचें दार उघडलें नाहीं तरी चालेल. पण हा नियम मात्र आजपासूनच करून पाहावा, अशी आमची विनंति आहे.