धडधाकट पोराला गोळी

आबांना टीबी झालाय असं कळलं तेव्हा मला एवढंच सुचलं की घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि तो रोज आबांच्या कुशीत झोपतो. पुढचं काही म्हणजे काही सुचत नव्हतं. त्याला माहेरी पाठवायचं की आबांना दुसरीकडे ठेवायचं? शाळेत सांगायचं की नाही? आधीच मायेनं दिलेले पापे आता कसे परत घ्यायचे?

आबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म इचलकरंजीत मागावर गेलेला. आषाढात खोकला सुरू झाला, पण कुणी मनावर घेतलं नाही. मागावरच्या माणसाला खोकला असायचाच, कापसाची धूळ छातीत बसते, हे इथे गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. जवळच्या दवाखान्यातून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या येत राहिल्या. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. गौरी-गणपतीला पुण्याची नणंद दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आली, तीही त्याच खोलीत राहिली. विसर्जनानंतर एका पहाटे आबांना खोकल्यातून रक्त पडलं. मग दवाखान्यात भरती, एक्स-रे, बेडक्याची तपासणी. सीबीनॅटचा रिपोर्ट आला: फुप्फुसाचा टीबी, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. यातला दुसरा भाग आनंदाचा आहे, हे मला नर्सबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा कुठे कळलं.

आबा घरी येण्याआधीच आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढून कोनाड्यात ठेवला. मी मोठ्या लेकीला आणि धाकट्याला, दोघांनाही मास्क बांधले. धाकटा तो हनुवटीवर घेऊन गल्लीभर हिंडायचा. आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, कोनाड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ताटानं काही होत नाही. ती खिडकी उघडा आधी."

हा रोग हवेतून येतो. रोगी खोकतो, बोलतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब उडतात आणि कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. मोकळी हवा त्यांना पांगवते, ऊन जंतूंना मारतं. मास्क आबांनी लावायचा, मुलांनी नाही. बेडका झाकणाच्या डब्यात. मुलांनी सुरुवातीचे साधारण दोन आठवडे आबांच्या खोलीत झोपायचं नाही, अंगणातून मात्र खुशाल बोलायचं. एवढंच. मी वहीत पानभर लिहून घ्यायच्या तयारीत बसले होते.

खरा गोंधळ उडाला तो क्षयरोग केंद्रात. मी डॉक्टरांना विचारलं, आता मुलांना कसं वाचवायचं? ते म्हणाले, "ताई, औषध सुरू झालं की लागण करण्याची ताकद झपाट्यानं उतरते. धोक्याचे दिवस होते ते आधीचे, तुम्ही कफ सिरप देत होता तेव्हाचे. जंतू आत गेले असतील तर तेव्हाच गेलेत."

मला हे ऐकून धीर यावा की घाम फुटावा, ठरवता येईना.

मग दोन्ही मुलांची तपासणी. एवढ्या लहान पोराला बेडका काढता येत नाही, तो गिळूनच टाकतो. म्हणून वजन वाढतंय का, ताप आहे का, खोकला किती दिवसांचा, गळ्यात गाठी आहेत का, असं सगळं बघायचं आणि छातीचा एक्स-रे. दोघांचंही स्वच्छ निघालं. मी पर्स उचलून निघाले, तर डॉक्टरांनी कागद पुढे केला. दोघांनाही आयसोनियाझिड, वजनावर मोजून, रोज, सहा महिने.

आजार नाही आणि औषध आहे! त्यांनी सांगितलेलं मी माझ्या डोक्यात असं बसवलं: जंतू आत जाऊन निपचित पडून राहू शकतो, आणि तेव्हा माणूस ठणठणीतच दिसतो. मोठ्या माणसाच्या शरीरात तो बहुतेक वेळा जन्मभर तसाच दबून राहतो. पाच वर्षांखालच्या मुलाची प्रतिकारशक्ती कच्ची, त्यामुळे त्याला आजार लवकर होतो, आणि झाला तर मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. दंडावर बीसीजीचा व्रण आहे की, मी म्हटलं. ती लस असल्या भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण पुरती नाही. फुप्फुसाच्या टीबीची तर हमी देतच नाही. म्हणून झोपलेल्या जंतूला झोपेतच गाठायचं.

आत्यांना हे अजिबात पटलं नाही. "धडधाकट पोराला सहा महिने गोळ्या? आणि ज्याला रोग झालाय त्याला घरातच ठेवायचं?" त्यांच्या माहेरी कुणाला तरी पूर्वी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं होतं, तीच रीत त्यांच्या मनात. नवऱ्यालाही आतून तसंच वाटत असणार, तो फक्त गप्प होता. पुढच्या खेपेला मीच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न आपल्याच देशात सुटलाय. १९५६ मध्ये मद्रासला अभ्यास सुरू झाला. गरीब, दाटीवाटीच्या घरांतले रुग्ण घेतले, काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या सॅनिटोरियमांची गरजच कमी होत गेली. आत्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मद्रासला ऊन फार असतं." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

गोळी पाण्यात विरघळणारी आहे, तरी रोजचं महाभारत. मोठी निमूट घेते. धाकटा विचारतो, "मला काय झालंय?" काही नाही म्हटलं की, "मग कशाला?" चार वर्षांच्या मुलाचा हा युक्तिवाद खोडून काढणारी आई मी अजून पाहिलेली नाही. कावीळ, उलट्या, अन्न नको होणं, यांकडे लक्ष ठेवायला सांगितलंय. त्यामुळे तो एक पोळी कमी खाल्ला तरी मी उजेडात नेऊन त्याचे डोळे बघते. बहुतेक वेळा त्यानं आधीच चुरमुरे हादडलेले असतात.

आबांच्या औषधानं लघवी नारिंगी होते. आबा घाबरले; असा रंग येणं अपेक्षितच आहे, असं क्षयरोग केंद्रातल्या सुपरवायझरनं फोनवर सांगितलं. धाकट्याला मात्र यात अन्याय वाटला, कारण त्याच्या गोळीनं तसलं काही होत नाही.

दोन आठवडे झाले, खोकला कमी झाला, जवळ जायला डॉक्टरांनी मोकळीक दिली. तेव्हा अडलं आबांपाशीच. पोरगा धावत आला की ते हात पुढे करून लांबच थांबवायचे. भीती घालायला आम्हाला एक दुपार पुरली होती. काढायला आशाताईंना किती वेळा यावं लागलं. दोन महिन्यांनी बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली, त्यानंतर आबांनी त्याला मांडीवर घेतलं, तेही तोंड फिरवून. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये धरून बँकेत पैसे येतात, त्यातली अंडी आबा गुपचूप त्यालाच भरवतात. तो वेगळा तंटा.

आणि नणंद. केंद्रातल्या कागदावर गेल्या तीन महिन्यांत घरात कोण कोण राहिलं हे लिहायचं होतं. मी तिचं आणि बाळाचं नाव लिहिलं. पुण्याहून तिचा फोन आला तो भांडायलाच: विचारलं तरी का नाहीस, सासरी आता सगळ्यांना कळलं. तिच्या सासूबाईंच्या मते बाळ गुटगुटीत आहे, तेव्हा प्रश्नच नाही. दोन-तीन आठवडे असेच गेले. शेवटी नंदावा बाळाला घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेला, एक्स-रे नीट आला, गोळ्या सुरू झाल्या. नणंद माझ्याशी अजून फोनवर जेवढ्यास तेवढं बोलते. संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण आहे. आबांना ते इथे, आपल्या अंगणात व्हायला हवंय. तिच्या सासूबाईंना पुण्यात. आत्या म्हणतात, इथेच, पण अंगणात ऊन असताना.