आकाशात चढलेला पर्वत

केप टाउन नगराच्या पाठीशी टेबल माउंटन उभा आहे. सुमारे १,०८५ मीटर उंचीच्या या पर्वताला शिखर असे नाहीच. माथा मेजासारखा सपाट. आग्नेयेचा वारा वाहू लागला की त्यावर शुभ्र मेघ पसरतो आणि कड्यांवरून खाली ओघळतो. तेथील लोक त्याला मेजावरचे वस्त्र म्हणतात.

१७५१ साली फ्रेंच ज्योतिर्विद निकोला लुई द लाकाय येथे उतरला. अवघ्या अर्ध्या इंचाच्या भिंगाच्या दुर्बिणीने, वर्षभराच्या आत, त्याने सुमारे दहा हजार दक्षिणी ताऱ्यांची स्थाने नोंदवली आणि चौदा नवे तारकासमूह कल्पिले. बहुतेकांना त्याने दुर्बीण, घड्याळ, सूक्ष्मदर्शक अशा उपकरणांची नावे दिली. एक नाव मात्र डोळ्यांसमोरच्या पर्वताचे. पुढे ते लॅटिनमध्ये संक्षिप्त होऊन ‘मेन्सा’, म्हणजे मेज, असे रूढ झाले.

हा समूह अत्यंत मंद आहे. त्यातील सर्वांत तेजस्वी ताराही पाचव्या प्रतीचा, जेमतेम डोळ्यांना दिसणारा; अंतर सुमारे ३३ प्रकाशवर्षे. ‘पाय मेन्सी’ या ताऱ्याभोवती २००१ मध्ये एक मोठा ग्रह आढळला आणि २०१८ मध्ये ‘टेस’ या अवकाश दुर्बिणीने दुसरा, लहान ग्रह शोधला. समूहाच्या उत्तर सीमेवर मोठ्या मॅगेलन मेघाचा काही भाग येतो. सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे दूरची ही दीर्घिका अंधाऱ्या रात्री धूसर ढगासारखी दिसते. पृथ्वीवरच्या मेजाप्रमाणे आकाशातल्या मेजावरही जणू वस्त्र अंथरलेले आहे. दक्षिण ध्रुवाजवळचा हा समूह महाराष्ट्रातून मात्र पाहता येत नाही.

लाकायने येथे पृथ्वीचेही माप घेतले. त्यातून दक्षिण गोलार्धाचा आकार उत्तरेपेक्षा निराळा असल्याचा चकित करणारा निष्कर्ष निघाला. सुमारे सात दशकांनी प्रकृतिस्वास्थ्यासाठी केपला आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने त्याचे कारण सुचवले. भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणात तो विल्यम लॅम्बटन यांचा सहायक होता. लॅम्बटन यांचे देहावसान १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाले. एव्हरेस्टचे म्हणणे असे की, मापनाच्या दोन्ही टोकांजवळच्या पर्वतांनी ओळंबा आपल्याकडे ओढला असावा. ओळंबा किंचित कलला, की त्यावर बेतलेले अक्षांशही चुकतात. १८४० च्या दशकात टॉमस मॅक्लिअरने लाकायच्या जागा शोधून फेरमापन केले, तेव्हा ती शंका खरी ठरली.

ज्या पर्वताला लाकायने आकाशात स्थान दिले, त्याच्याच ओढीने त्याचे माप ढळले होते. परंतु कोठे उभा राहिलो, काय मोजले, हे त्याने चोख लिहून ठेवले होते; म्हणूनच पुढच्या पिढीला चूक नेमकी सापडली. हिशेब चुकला तरी वही स्वच्छ होती.