उकडीचं वॉफल

वैशाखात कर्जतच्या डोंगरांवर काही उरलेलं नसतं. गवत करपून जातं, कातळ उघडे पडतात आणि त्या कातळांच्या बेचक्यांत करवंदीच्या जाळ्या तेवढ्या काळ्याभोर फळांनी लगडलेल्या असतात. पण नजर खाली उतरली, की राजनाला कालव्याच्या कडेनं खाचरंच खाचरं, कापणीला आलेल्या उन्हाळी भाताची. कोकणातलं भात म्हणजे पावसाचं भात. इथं मात्र भर उन्हाळ्यात लोंब्या पिवळ्या होतात, त्या घाटमाथ्याच्या पाण्यावर. आंध्रा नदीचं ठोकरवाडीला अडवलेलं पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजघरात कोसळतं. वीज मुंबईकडे जाते, पाणी इथंच राहतं. पेज नदीत मिसळतं, कालव्यात वळतं आणि बांधाबांधानं रोपांच्या मुळाशी पोचतं. खालापूरच्या अंगाला खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी असंच पाताळगंगेला मिळतं, तेही 1915 पासून. माझ्या मनात या तालुक्यांचा नकाशा रस्त्यांचा नाहीच, तो या उतरत्या पाण्याचा आहे.

या भाताच्या पिठाचं वॉफल करायचं ठरलं ते भाचीमुळं. गव्हाचा कण पोटात गेला तरी तिला त्रास होतो. आतड्याचा आजार आहे, जन्मभराचा. दूध, तूप, अंडं तिनं स्वतःहून सोडलं, मुक्या जिवांच्या मायेपोटी. त्या निर्णयाचा मला आदर आहे. सुट्टीत ती मुंबईहून आली ती वॉफलचं यंत्र पिशवीत घालूनच. ‘‘मावशी, बाहेर मला हे कुठंच खाता येत नाही,’’ एवढंच म्हणाली. वीस-बावीस वर्षांच्या मुलीनं मैत्रिणींच्या घोळक्यात दर वेळी नुसतं पाणी पीत बसायचं, हे मला सहन होत नाही.

हा आजार गव्हाशी जोडला कुणी, तर विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला आधीपासून शंका होतीच. 1944-45च्या हिवाळ्यात, युद्धामुळं हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्या उपासमारीतही ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. भुकेच्या त्या हिवाळ्यानं पुढच्या किती मुलांना जेवू घातलं, या विचारानं मी कितीदा थांबले आहे.

पीठ विकतचं नको होतं, गिरणीतलंही नको. गिरणीत बायका ‘तांदळावर तांदूळ’ म्हणून नंबर धरून बसतात, तरी दगडाच्या फटींत आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच. इतरांना ते चालून जातं, भाचीला नाही. शेजारच्या आजींच्या पडवीत जातं आहे. तांदूळ, नाचणी, कधीमधी वाल, याखेरीज त्यात काही पडलेलं नाही. गहू त्या घरात आला तोच गिरणीच्या जमान्यात. तांदूळ धुऊन सावलीत सुकवले होते. भाची खुंट्याला हात लावून बसली, समोर आजी. आजी मुठीनं घास घालायच्या, मोजका. जास्त पडला तर कणी जाडी राहते. पाळूच्या कडेनं पीठ झरू लागलं, आधी पांढरं, मग नाचणीचं विटकरी. हातात घेतलं तर कोमट. दळल्या दळल्या त्या पिठाला जो वास असतो, तो पुडीतल्या पिठाला कधीच नसतो.

नाचणी वरच्या वाडीतली, ठाकरांकडची. वरकस जमिनीवर, जिथं भाताचं पाणी ठरत नाही तिथं, ते नाचणी आणि वरी घेतात. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधापेक्षा दुपटीहून जास्त. दूध सोडलेल्या मुलीच्या ताटात मला तरी नाचणी हवीच.

आता खरी गोष्ट. गव्हाच्या पिठात पाणी घातलं, की त्यात चिवट जाळं तयार होतं आणि ते वाफेला धरून ठेवतं. ब्रसेल्सच्या वॉफलमध्ये शिवाय फेटलेलं अंडं असतं, तेही धरणारंच. तांदळाला यातलं काही नाही. नुसत्या तांदळाच्या पिठाचं वॉफल झाकण उघडताना मधोमध दुभंगतं, अर्धं वरच्या साच्याला, अर्धं खालच्या. यावर बाजारात तऱ्हेतऱ्हेचे डिंक मिळतात. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘उकड काढल्याबिगर तांदूळ धरंल का?’’

इथल्या घराघरांत रोज भाकरी होते ती याच जोरावर. आधणात मीठ, मग पीठ, उलथण्याच्या दांड्यानं ढवळणं, झाकण, आणि चटका सोसत गरमच मळणं. सत्तरेक अंशांच्या पुढं तांदळाचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो, फुटतो, चिकट होतो. म्हणून गव्हाशिवाय भाकरी थापता येते, चिरत नाही, तव्यावर टम्म फुगते. हे ज्ञान कुणी वहीत लिहून ठेवलं नाही. ते तळहातांच्या चटक्यांतून सासूकडून सुनेकडे आलं, आणि डोंगरापलीकडच्या माणसांनी शोधून काढलेल्या कुठल्याही चूर्णाहून मला ते थोर वाटतं.

तर अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे पीठ घालून त्याची सैल उकड काढली, खळीइतकी. ती कोमट झाल्यावर वाटीभर तांदळाचं पीठ, पाव वाटी नाचणीचं, चमचाभर जवसाची पूड पाण्यात भिजून बुळबुळीत झालेली, किसलेला गूळ, मीठ, दोन चमचे खोबरेल आणि लागेल तसं नारळाचं दूध. नारळ अलिबागकडचा, आमच्या बाजूला माड तुरळक. पीठ घावनाच्या पिठाहून पुष्कळ दाट हवं, पळीतून सलग पट्टीसारखं पडणारं. अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे कणी भिजते. अगदी शेवटी चिमूटभर खायचा सोडा आणि वर लिंबाचा रस; फसफसलं की लगेच साच्यात.

मग कान द्यायचा. साचा मिटल्यावर आधी जोरात चर्र होतं, कडांतून भसाभसा वाफ निघते, गुळाचा वास येतो. या घटकेला उघडायचा मोह होतो, भाचीचा हात दोनदा पुढं गेला. आजी म्हणाल्या, ‘‘वाफ थांबू दे.’’ आवाज बारीक होत गेला, वाफ विरळ झाली, मग तुटलीच. पिठातलं जादा पाणी गेलं, कडा आवळल्या. झाकण उचललं तर वॉफल सबंध, तांबूस, चौकटी कोरल्यासारख्या. बोटानं टिचकी मारली तर कवच वाजलं. आत मात्र मऊ, ओलसर. भाचीनं ते दोन्ही हातांवर घेतलं आणि काही न बोलता आजींना वाकून नमस्कार केला.

वर घालायला करवंदांचा रस होता. स्टेशनाबाहेर ठाकरणी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. देठाचा चीक बोटांना दिवसभर चिकटून राहतो. पिकली करवंदं थोड्या पाण्यात शिजवायची, चाळणीवर घोटून बिया काढायच्या, गुळाबरोबर पुन्हा आटवायची. गर्द जांभळा, आंबट-तुरट रस. तो चौकटीचौकटींतून भरत गेला, एकीतून दुसरीत उतरत, आणि मला राजनाल्याची खाचरं दिसली. हे वॉफल गरमच खावं. तांदळाचं काहीही गार झालं की आखडतं, भाकरीसुद्धा.

आजींना गोड वर्ज्य. त्यांच्यासाठी भाचीनं गूळ न घालता, मिरची, आलं, कोथिंबीर वाटून वेगळं पीठ केलं. हिंगाची डबी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली आणि परत ठेवली. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आजींनी एक सबंध संपवलं, दुसरं मागितलं. मग यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, वायर किती लांब आहे ते बघितलं. रविवारी खोपोलीहून नातू येणार आहे, म्हणाल्या. तेव्हा हे यंत्र आमच्याकडे आणायचं, पीठ मी दळून ठेवते, आणि हिनं माझ्या शेजारी बसून उकड स्वतःच्या हातानं काढायची.