चार अंगुळे वर

धर्मराजाचा रथ जमिनीला न टेकता चार अंगुळे वरून धावत असे, असे महाभारतात सांगितले आहे. पुढे द्रोणवधाच्या वेळी त्याने अर्धसत्य उच्चारले आणि त्याचा रथ चारचौघांच्या रथांसारखा खाली आला. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. हा प्रसंग वर्गात किती वेळा सांगितला असेल त्याची गणती नाही. पण जमिनीला न टेकणारा तो रथ वळणावर वळत कसा असेल आणि एखाद्या वृद्ध माउलीला त्यात बसायचे झाले तर तिचा पाय पायरीपर्यंत पोचत कसा असेल, ही शंका मला कधी शिवली नव्हती. ती शिवली आमच्या मेहुण्यांमुळे.

मेहुणे म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे धाकटे बंधू. पुण्यात एका बँकेत अधिकारी आहेत. २०२० साली जी नवी 'थार' बाजारात आली, तीतली एक काळीभोर गाडी त्यांच्या दारात उभी असते. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या घराण्यातलीच ही नात. आजीचा बाणा तिच्यात उतरला आहे. पण आठवड्यातले सहा दिवस तिला कोथरूड ते शिवाजीनगर एवढेच रान तुडवावे लागते. तरीही, नव्हे, बहुधा त्यामुळेच, मेहुण्यांच्या मनाने घेतले की गाडी चार इंच उंच करायची. नव्या लांब स्प्रिंगा, नवे शॉकॲब्सॉर्बर असा सगळा संच त्यांनी हेरून ठेवला होता. अंगुळ पाऊण इंचाचे धरले, तर धर्मराजावर पुऱ्या एका इंचाची सरशी!

"कोकणातल्या घरासाठी हवंच आहे, भाऊजी," ते म्हणाले. "शेवटचा रस्ता तुम्हांला ठाऊकच आहे."

घर केळशीच्या बाजूला आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर दीड किलोमीटर तांबडी कच्ची वाट, मध्ये एक ओहोळ. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यांचा गणपती त्या घरात आणि त्यांची दिवाळीही त्या घरात. गाडी उंच होणार हे कानावर गेले तेव्हा त्यांनी दारात उभ्या असलेल्या गाडीकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "चढता आलं तर येईन. कुणी उचलून ठेवायला मी काही गणपतीची मूर्ती नव्हे."

हे वाक्य ऐकायला विनोदी होते, पण घरात कोणी हसले नाही. कारण त्या जे बोलतात ते करतात. त्या आल्या नाहीत तर ते घर उघडून दिवा लावण्यापलीकडे आम्हां कोणाच्या हातून काही होणार नव्हते. म्हणून मी सुचवले, की पैसे भरण्यापूर्वी एकदा आहे तशाच गाडीने जाऊन येऊ. कुठे अडते, किती अडते, ते वहीत लिहू. मास्तरला वहीशिवाय दुसरे काय सुचणार?

गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. पौड मागे पडले आणि मुळशीचे पाणी दिसू लागले. भाताची खाचरे पोटरीला आली होती. या जलाशयाखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ अशी तीन वर्षे मावळे झगडले, धरण झालेच. इथले पाणी आता सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि मग कुंडलिकेला मिळते. डोंगरावरच्या पाण्याला जे मोल येते ते त्याच्या उंचीमुळे, आणि त्या उंचीचा दाम कोणीतरी खाली राहून चुकवलेला असतो. हे मी मोठ्याने बोललो नाही. मेहुणे गाडी चालवत होते.

ताम्हिणीत धुके उतरले होते. उजवीकडच्या कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर येत होते, कडेने तेरडा फुलला होता. विंझाईच्या देवळाशी हात जोडून पुढे निघालो आणि उताराची वळणे सुरू झाली. इथे वहीत पहिली नोंद झाली. गाडीच्या टपावर मेहुण्यांनी लोखंडी कॅरियर बसवला आहे. त्यावर तांदळाचे पोते, रंगाचे डबे आणि पत्र्याची पेटी. प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुके आणि सासूबाई पुढच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसत.

कडब्याची गाडी ज्याने पाहिली आहे त्याला यातले शास्त्र वेगळे सांगायला नको. भारा जितका उंच तितकी ती कलंडायला सोपी. समजा, गाडीच्या दोन चाकांतले अंतर दीड मीटर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर आहे. चाकांमधले अंतर तेवढेच ठेवून गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर नेला, तर कलंडण्याला विरोध करण्याची तिची शक्ती अष्टमांशाने घटते. पाच सेंटिमीटरच वर नेला तर घट पंधराव्या हिश्श्याची. अष्टमांश म्हणजे काही फार नव्हे असे वाटेल. पण घाटात समोरून एस.टी. आली आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर तोच अष्टमांश आपल्याला हवा असतो.

घाट उतरून, निजामपूर मागे टाकून आम्ही माणगावला पोचलो. मागून खडखड ऐकू येत होती म्हणून एका गॅरेजसमोर थांबलो. मिस्त्री साठीचे. जुन्या पाट्यांच्या जीपगाड्यांवर हात बसलेला माणूस. खडखड कॅरियरच्या एका सैल बोल्टची निघाली. तो आवळता आवळता मेहुण्यांनी आपला चार इंचांचा बेत त्यांच्या कानांवर घातला. मिस्त्रींनी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. त्यांनी विचारले, "नेहमी किती माणसं बसतात? सामान किती? डांबरावर किती आणि कच्च्यात किती? आणि बसणाऱ्यांत वयस्क कोण आहे?"

माझ्या मते गाडी उंच करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. स्प्रिंग निवडायची ती इंचांवरून नव्हे, तर वजनावरून. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावून, मागे कायम सामान भरून हिंडणाऱ्यासाठी केलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली, तर गाडी उंच होते खरी. पण शहरातल्या प्रत्येक खड्ड्यावर बकरीसारखी उड्या मारते. मऊ स्प्रिंगेवर वजन लादले तर ती बसते. आणि नव्या स्प्रिंगेला तिच्या लांबीचा आणि ताकदीचा शॉकॲब्सॉर्बर जोडीला हवा. स्प्रिंग हादरा झेलते; मागाहूनची हेलकावणी थांबवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. जोडी जमली नाही, तर संसारात होते तेच गाडीत होते.

मग मिस्त्रींनी आम्हां दोघांना गाडीमागे नेऊन खाली वाकायला लावले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मध्ये एक मोठा गोळा होता. "हा डिफरन्शियल," ते म्हणाले. "स्प्रिंग बदलून गाडी चार इंच वर न्या नाहीतर सहा, हा गोळा जागचा हलत नाही. स्प्रिंगेच्या वर आहे ते सगळं उंच होतं. हा स्प्रिंगेच्या खाली आहे. तो वर न्यायचा एकच उपाय, मोठं टायर. आणि टायर दोन इंचांनी मोठं घेतलं तर हा एकच इंच वर जातो."

मेहुणे गप्प झाले. मोठ्या टायरचीही किंमत असतेच. एकोणतीस इंचांच्या जागी एकतीस इंचांचे टायर आले, की वेगाचा काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी पंच्याऐंशीच्या पुढे असते. ब्रेकला जड चाक थोपवावे लागते. या गाडीची पुढची चाके स्वतंत्र टांगलेली आहेत. गाडी वर गेली की त्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचा कोन वाढतो, त्यांच्या सांध्यांवर ताण येतो आणि वरचे रबर लवकर फाटते. जिथे पुढचा दांडाही सलग असतो, तिथे उंचीबरोबर चाकांचा कल बदलतो आणि हमरस्त्यावर गाडी सरळ धरून ठेवावी लागते. ब्रेकच्या नळ्या लांबीला पुरतात की नाही हेही पाहावे लागते. शिवाय हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते निराळेच. एक इंच-दीड इंचापर्यंत हे सारे सांभाळून घेता येते. त्यापुढे एक वस्तू बदलली की तिच्यासाठी दुसरी बदलावी लागते, दुसरीसाठी तिसरी.

आणि कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तेव्हा गॅरेजवाल्याआधी आर.टी.ओ.ला आणि विमेवाल्याला विचारणे शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी टेप काढली. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. टपावरचे सामान उतरवले, आम्हांला बाजूला उभे केले, पुन्हा मोजले. दोन इंचांचा फरक! "बघा," ते हसून म्हणाले, "निम्मं काम फुकटात झालं." मजुरी म्हणून त्यांनी फक्त बोल्टाचे पैसे घेतले.

लोणेऱ्याहून आंबेतकडे वळलो, सावित्री ओलांडली आणि म्हाप्रळवरून मंडणगडाच्या चढाला लागलो. याच तालुक्यात आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. वरच्या सड्यावर जांभ्या खडकाच्या फटीफटींतून गवत आणि इवली निळी फुले उगवली होती. जणू दगडालाच भाद्रपदात पालवी फुटावी. डोंगरउतारावर आंबा-काजूच्या बागा आणि त्यांच्या टोकाशी एकदम समुद्र. सासूबाईंनी इथे दांडीवरचा हात सोडला. या वळणांची त्यांना भीती वाटत नाही; ती त्यांच्या माहेरची वळणे आहेत.

अखेर ती दीड किलोमीटरची वाट आली. वहीतली दुसरी आणि शेवटची नोंद इथली. ओहोळात पाणी वीतभर होते. ही गाडी साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कारखाना सांगतो, तेव्हा तिने ते नुसते शिंपडून दिले. पुढे चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि मध्ये जांभ्याचा उंचवटा राहिला होता. तिथे खालून 'खर्रर्र' असा आवाज झाला. मेहुणे उतरले, चिखलात गुडघे टेकून त्यांनी पाहिले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"काय रे?" मी विचारले.

"गोळाच लागलाय, भाऊजी. मिस्त्री म्हणाले तोच."

पावणेदोनशे किलोमीटरांहून जास्त प्रवासात गाडी एकाच जागी टेकली होती, आणि त्या जागी चार इंची संच घालूनही ती टेकलीच असती. मेहुणे हिशेबाचे पक्के. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या वाडीतल्या दोघांना बरोबर घेतले, पडक्या गडग्याचे चिरे फोडले, चाकोऱ्या भरून काढल्या आणि मधला उंचवटा पहारीने खाली आणला. सगळ्यांच्याच रिक्षा त्या वाटेने येतात, त्यामुळे हात लावायला आणखी चारजण आले. गाडी वर नेण्यापेक्षा रस्ता वर आणणे कमी खर्चाचे पडले, आणि त्याला आर.टी.ओ.ची हरकत नव्हती.

पुण्याला परतल्यावर कॅरियर उतरला. मागच्या स्प्रिंगा भरल्या गाडीचे वजन पेलतील अशा बेताच्या घेतल्या, उंची कारखान्याचीच राखून. त्यांच्या जोडीचे शॉकॲब्सॉर्बर आणि नोंदलेल्याच मापाचे, जरा खोल नक्षीचे टायर. दाराखाली एक रुंद पायरी बसली. तिची उंची कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. सासूबाईंना अंगणात उभे करून, त्यांचा पाय सहज जितका उचलला जातो तितकी ती धरली आहे.

ज्यांचा रोजचा रस्ताच खडकांतून आणि नदीपात्रातून जातो, त्यांनी आपली गाडी खुशाल उंच करावी. त्यांना उंचीची गरज आहे आणि तिची किंमतही ते जाणतात. पण आपण बहुतेक जण डांबरावर जगणारी माणसे. आपल्या गाडीची उंची स्वप्नातल्या रस्त्यावरून ठरवण्यापेक्षा तिच्यात बसणाऱ्या माणसांवरून ठरवावी, एवढेच या मास्तराचे म्हणणे.

परवा वसुबारस. सासूबाईंनी पणत्यांची पिशवी आताच दारात आणून ठेवली आहे, आणि गाडी किती वाजता काढणार म्हणून मेहुण्यांना दोनदा विचारून झाले आहे.