संगीत मंडळाचं बजेट

आमच्या कंपनीत बाटल्यांची झाकणं बनतात. रबाळे एमआयडीसीतला छोटा गाळा, चार मोल्डिंग मशिनं, आणि कॉस्टिंग माझ्याकडे. एका झाकणामागे दाणा किती, वीज किती, मजुरी किती, हे बारा वर्षं मांडत बसल्याने नजरेला वाईट खोड लागली आहे. कुणाच्या लग्नात जेवायला बसले तरी मनात ताटाचा भाव काढते. मालिका बघताना तर विचारूच नका. हा बंगला भाड्याचा, ही गर्दी वीस माणसांची, हा पाऊस पाइपचा.

त्यामुळे भाचीने 'लव्ह सिक' लावली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत मी म्हटलं, "यांच्याकडे पैसे नव्हते गं."

"मावशी, तू गोष्ट बघ ना."

गेल्या पावसाळ्यात ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. पोरगी दोन मुलांच्या प्रेमाच्या थाई मालिका बघते, हे तिच्या आईने मला आधीच फोनवर दबक्या आवाजात सांगून ठेवलं होतं. मशेरी लावते म्हणून सांगावं, तसं. थायलंडमध्ये या प्रकाराला 'वाय' म्हणतात, जपानी 'याओई' शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर. त्यांच्या चाहत्या मुली त्या 'साओ वाय'. पुढे 'सोटस', 'टूगेदर' अशा मालिका देशाबाहेर पोचल्या आणि या धंद्यात पैसा आला. 'लव्ह सिक' २०१४ ची, त्याआधीची. मूळ कादंबरी एका थाई मुलीने ऑनलाइन क्रमशः लिहिलेली.

जेवणं झाली की मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून आम्ही दोघी बसायचो. बाहेर पाऊस, मधूनच ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रेलरचा हॉर्न. एकदा हॉर्न वाजला तर तो आमच्या खिडकीतून आला की बँकॉकमधून, हे कळेना. तिथला आवाजच तसा होता. एका वाक्याला माणूस कानाशी बोलतोय, पुढच्या वाक्याला विहिरीतून. बाजूची पात्रं स्नेहसंमेलनात पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी बोलतात, आणि आपलं वाक्य संपलं की समोरच्याचं कधी येतंय याची वाट बघत उभी राहतात. फिरून फिरून तीच शाळा, तेच गणवेश, त्याच दोन घरांतल्या खोल्या. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते आणि भाची मला कोपराने ढोसत होती.

पण या गोष्टीची सुरुवातच बजेटपासून होते, आणि तिथे मी अडकले. नो हा शाळेच्या संगीत मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचे पैसे अडकलेले. फुन विद्यार्थी समितीचा सचिव, म्हणजे सही त्याच्या हातात. फुनची अडचण वेगळी. वडिलांना त्याचं आपल्या मित्राच्या मुलीशी जमवायचंय, त्याची तर आधीच एम नावाची मैत्रीण आहे. वडिलांना वळवू शकेल अशी घरात एकच व्यक्ती, धाकटी बहीण पँग. आणि पँग पक्की 'साओ वाय'. मग फुन तिला थाप मारतो की माझं एका मुलावर प्रेम आहे, आणि नोला म्हणतो, तू तो मुलगा हो, मी तुझं बजेट सोडवतो.

म्हणजे मोबाइलसमोर बसलेली माझी भाची गोष्टीतही आहे. पँगच्या हट्टासाठी दोन मुलं प्रेमाचं नाटक करतात, आणि आमच्या हट्टासाठी दोन नवखे नट. ही मेख ज्याला सुचली त्याला मी मानलं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "हे सगळ्यांना कळतं मावशी." असेल.

नवखेपणाचीच गंमत पुढे वाढत गेली. व्हाइट आणि कॅप्टन या दोन मुलांनी फुन आणि नोची कामं केली आहेत. कसलेला नट लाजतो तेव्हा लाज दिसते. ही पोरं खरंच अवघडलेली वाटतात. हाताचं काय करायचं ते कळत नाही, नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. प्रेमात पडलेल्या सतरा वर्षांच्या पोराला तरी कुठे कळतं? दोघं नुसते शेजारी बसलेत, कुणीच बोलत नाही, अशा जागी मी झाकणं विसरले.

भाषेचंही एक. थाईत 'मी' आणि 'तू'ला कितीतरी शब्द आहेत. 'कू' आणि 'मुंग' ही जिगरी दोस्तांची जोडी, परक्यासमोर शिवीच वाटेल अशी. आदराची जोडी वेगळी, नाजूक जवळिकीची वेगळी. कोण कुणाला कोणत्या शब्दाने हाक मारतो यावरून नातं कुठवर आलं ते थाई माणसाला कळतं. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांचं 'यू' होऊन बसतं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं यावर आपल्याकडे अख्खी लग्नं तोलली जातात, तेव्हा आपण काय गमावतोय याचा अंदाज मराठी माणसाला तरी यावा.

दुसऱ्या पर्वाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी सहनशक्ती गमावली. पहिलं पर्व १२ भागांचं, दुसरं ३६. मित्र, मित्रांचे मित्र, त्यांचीही प्रेमं. एवढ्या धाग्यांत मुख्य धागा शोधायला भिंग लागतं.

आवाज, उजेड, पाठांतर, हे सगळं मी पैशाच्या खात्यावर टाकलं आणि माफ केलं. माफ झालं नाही ते एम आणि युरीचं. एम फुनची मैत्रीण, युरी नोच्या मागे असलेली. दोघींना गोष्टीत काम एकच, मध्ये येणं. त्या रडल्या की आपण कधी एकदा त्या बाजूला होतात याची वाट बघायची. मुलीला एक बरा प्रसंग लिहून द्यायला जादा खर्च येत नाही. तोच कागद, तीच शाई.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या मराठी चित्रपटात हे भान दिसतं. त्याला २०२५ मध्ये सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालं. त्यातली आई मुलाबद्दल सगळं जाणून असते आणि लग्नाचं टुमणं लावणाऱ्या नातेवाइकांत त्याच्या बाजूने उभी राहते. बाई आहे म्हणून ती अडसर होत नाही.

"तू एमवर एवढी का चिडतेस? म्हणजे, तिच्या बाजूने?" भाचीने विचारलं. त्या रात्री वीज गेली होती, मोबाइलची बॅटरीही संपत आली होती. मग सांगितलं.

२०१४ चाच जानेवारी. मला बघायला एक मुलगा आला होता, कांदेपोहे, चहा, सगळं रीतसर. मला आवडला होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला, रबाळे स्टेशनवर भेटाल का? दोन नंबरच्या फलाटावर, वाशीकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं की त्याचं एका मुलावर प्रेम आहे. "तुमची फसवणूक होईल," म्हणाला. आदल्याच महिन्यात, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा कायम केलं होतं. संमतीच्या संबंधांवरून ते हटायला सप्टेंबर २०१८ उजाडायचं होतं. घरी सांगणं त्याला शक्यच नव्हतं. त्याने नकार दिला असता तर कारण विचारलं गेलं असतं, आणि त्यानंतर पुढची मुलगी दाखवली गेली असती. माझ्याकडून नकार गेला तर निदान काही महिने त्याला उसंत मिळणार होती.

तीन लोकल गेल्या. मी म्हटलं, ठीक आहे, मी नाही म्हणते.

भाची अंधारात गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तू नो."

"नो कसली? मी एम. नोला निदान बजेट मिळालं."

"रडलीस?"

"घरी येऊन. नळ सोडून."

"आणि आजीला काय सांगितलंस?"

"पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. तर तुझ्या आजीने तिथल्या तिथे गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, छत्तीसातले एकोणतीस गुण जुळतायत, असं स्थळ सोडू नका."

ती फिस्सकन हसली. "मग?"

"मग काय. म्हटलं, मला त्याचे दात आवडले नाहीत. आजी दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही."

"आणि होते कसे दात?"

वीज आली. फ्रिज गुरगुरला, भाचीने मोबाइल चार्जरला लावला आणि बरणी पुढे ओढली.

"छान होते गं," मी म्हटलं. "लाव पुढचा भाग."