खुराडं नव्हे, खुरादो!

स्पॅनिश लोक 'जे' हे अक्षर घशातून 'ख'सारखं काढतात. त्यामुळे ज्यूरीसाठी त्यांचा जो शब्द आहे तो होतो 'खुरादो'. कोंबड्यांचं खुराडं आठवलं ना? मलाही आठवलं होतं! पण अर्थ आहे 'ज्यानं शपथ घेतली तो'. आपण वापरतो तो 'ज्यूरी' शब्दही शपथेच्याच लॅटिन धातूवरून आलाय. म्हणजे दोघं भावंडंच.

गंमत अशी, की कोर्टातला एकटा माणूसही खुरादो आणि सगळे मिळूनही खुरादोच. आपण नाही का 'पंच' म्हणतो, एकालाही आणि पाचांनाही? बाई असेल तर 'खुरादा'. शपथ घेतलेला सरकारमान्य भाषांतरकार, तोही खुरादो. बक्षिसं ठरवणारे परीक्षकही खुरादोच. स्पेनमध्ये 1995 च्या कायद्यानं काही खटल्यांसाठी ज्यूरी आली. चिठ्ठ्या टाकून साध्या नागरिकांतून नऊ जण निवडतात, आणि आरोपीला दोषी ठरवायचं तर निदान 7 मतं लागतात. मुंबईत 1959 साली गाजलेल्या नानावटी खटल्यातही नऊच जण बसले होते. भारतातली ज्यूरी पुढे बंद झाली.

स्पेनमध्ये शेतीच्या पाण्याचे तंटे सोडवणाऱ्या मंडळालाही 'खुरादो दे रिएगो' म्हणतात. रिएगो म्हणजे सिंचन. पण असल्या न्यायाची सगळ्यात प्रसिद्ध जागा बघायची तर व्हॅलेन्सिया शहरात चला. तिथल्या न्यायाधीशांना मात्र खुरादो नाही, 'सिंदिको' म्हणतात. नाव वेगळं, काम तेच.

गुरुवार आहे. दुपारचे बारा वाजतायत. कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर लाकडी खुर्च्या गोल मांडल्यात. काळे सदरे घालून आठ जण येऊन बसतात. वकील? न्यायाधीश? छे! हे शेतकरी. तुरिया नदीच्या आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. कुणी पाळी नसताना पाणी वळवलं, कुणी पाट तुंबवला, की तक्रार इथे येते. पाळी चुकली तर भाजीचा वाफा वाळतो, म्हणून महिनोन्महिने थांबून चालत नाही. वकील नाही, कागदांचे गठ्ठे नाहीत. सगळं व्हॅलेन्सियन बोलीत, तोंडी. आता कुणी बोलायचं ते अध्यक्ष पायानं दाखवतात, असं सांगतात. (घरी करून बघू नका, बोलणी खाल!) ज्या कालव्याचं भांडण, त्याचा माणूस निकाल देण्यात नसतो. आणि निकालावर अपील नाही.

हे शेकडो वर्षं चाललंय. युनेस्कोनं 2009 साली त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता बघायला पर्यटकांचीच गर्दी जास्त.

शिपाई पितळी आकडा घेऊन उभा राहतो आणि एकेका कालव्याचं नाव पुकारतो : कुणाविरुद्ध तक्रार आहे का? आपण कान टवकारून उभे. पण बहुतेक गुरुवारी कुणीच पुढे येत नाही. आठही नावं संपतात, ते आठ जण उठतात आणि घरी जातात.